राबाजवळ बसलो नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि गावदेवीपुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा तिलाही नाही. तिला न सांगताच सगळं कळतं म्हणतात — पण एकदा तोंडाने म्हणायला काय हरकत होती? तेवढंही जमलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं. आणि खरं सांगू का, आता हे आत धरून ठेवायचा कंटाळा आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द आहेत, ते मला शोभत नाहीत. कंटाळा आलाय, बस.

गाव आमचं टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत. पुढे भाताची खाचरं, मागे चढण, चढणीवर गावदेवीची राई आणि शेजारच्या वाडीतल्या लोकांची मोहाची झाडं. या चढणीवर एका कंपनीचा डोळा पडला. रस्त्यालगत फलक लागला — बंगले, हॉटेल, दुकानांची लांबच लांब रांग, आणि मधोमध पोहायचा निळाशार तलाव. आमच्या बायका चैत्रात झऱ्यावर हंड्यांचा नंबर लावतात, आणि चित्रात तलाव! पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, गुरांची वाट राहणार की नाही, मयताची वाट राहणार की नाही — असे आमचे प्रश्न होते. खोटे नव्हते. आजही खोटे नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यामुळे तुम्हाला वाटेल, की सगळंच खोटं होतं.

गावाने समिती केली आणि मला अध्यक्ष केलं. का, तर मी कारखान्यात नोकरी करून आलेला, साहेबांसमोर बोलायला न कचरणारा. मला ते आवडलं, का नाही आवडणार? लोक घरी यायचे, चहा व्हायचा, ‘भाऊ म्हणतील तसं’ म्हणायचे. असं कुणी आपल्याबद्दल म्हणायला लागलं, की माणूस हळूहळू बिघडतो. मी तर फार हळूही बिघडलो नाही.

आता काशिनाथ. माझ्या खाचराला लागून त्याचं खाचर, चढणीच्या अगदी तोंडाशी. त्याच्या बापाची आणि माझ्या बापाची पडकई — म्हणजे एकमेकांच्या लावणीला जायचं, मजुरी घ्यायची-द्यायची नाही, आज तुझं रान तर उद्या माझं. तीच आम्ही दोघांनी पुढे चालवली होती. कंपनीने जागेला कुंपण घातलं तेव्हा राखणदार म्हणून त्याला ठेवलं. निळा शर्ट दिला, शिट्टी दिली. गावाला ते खुपलं. दिवसा कुंपण राखायचा आणि संध्याकाळी आमच्या सभेला येऊन बसायचा. कुणी टोचून बोललंच तर म्हणायचा, “पोटाला लागतंय रे. पन जमीन माझी बी इथंच हाय ना?” लोक हसायचे. मीही हसायचो.

आमच्याकडे भाताची रोपं करायच्या आधी ती जागा भाजून घेतात. शेण, पाला, आइनाच्या छाटलेल्या फांद्या, गवत, वरून मातीचा पातळ थर — हा राब. तो पेटवायचा वारा पडल्यावर, भल्या सकाळी नाहीतर दिवस कलताना. आणि ज्याने पेटवला त्याने तिथेच बसायचं, पार राख होईस्तोवर. ओला पाला हाताशी ठेवून. माझा बाप राबाजवळ बसला, की जेवायलाही उठत नसे. आई भाकरी तिथे नेऊन द्यायची. ही गोष्ट आमच्यात कुणी शिकवत नाही, ती येतेच.

मला येत होती. तरीही त्या दिवशी मी भर दुपारी राब पेटवला. मुरबाडला आमच्या हरकतींची सुनावणी होती, एस.टी. गाठायची होती आणि राब बरेच दिवस रेंगाळला होता. म्हटलं, आत्ता उरकून टाकू. धूर नीट वर चढला, आग कडांच्या आतच राहील असं दिसलं, आणि मी निघालो. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता — आगीपाशी थांबून तो काळा करायचा नव्हता. इतकं साधं कारण. गाव वाचवायला निघालेला माणूस शर्टासाठी राब सोडून गेला.

संध्याकाळी परत येताना एस.टी.च्या खिडकीतून चढण दिसली. सिद्धगडाच्या बाजूचं आभाळ पिवळं-काळं झालं होतं. गाडीतले लोक म्हणत होते वणवा, वणवा. मला तिथेच कळलं होतं.

राई गेली. देवीची शिळा तेवढी राहिली, काळी ठिक्कर. वाडीच्या लोकांचे मोह गेले — ऐन फुलांच्या दिवसांत. तिथली एक म्हातारी जळक्या बुंध्याला हात लावून बसली होती, ती मला बघून म्हणाली, “भाऊ, कोनी केलं गो बाय ह्ये?” मला उद्देशून म्हणाली की देवीला, अजून उमगलेलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुदळ घेऊन खाचरात गेलो. राबाच्या वरच्या कडेपासून गवत जळत गेल्याचा काळा पट्टा सरळ चढणीकडे निघाला होता. आंधळ्यालाही दिसला असता. मी बांधाकडून खणायला लागलो — माती उलटायची, पट्टा मोडायचा. आणि मागून काशिनाथ आला. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. त्याने कुदळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही.

“भाऊ, चुकून झालं. कोनाचं बी होतंय,” तो म्हणाला. “तुमीच सांगून टाका. मी सांगितलं तं लोक म्हनतील, कंपनीचा मानूस हाय, भाऊवर ढकलतोय.”

“सांगतो रे,” मी म्हणालो.

त्या क्षणी मला खरंच सांगायचं होतं का? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता उत्तर आलं तरी त्याच्यावर विश्वास बसणार नाही. तो गेल्यावर मी उरलेला पट्टा उलटला, एवढं मात्र नक्की.

देवळात सभा भरली. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं — आग कंपनीने लावली, राई जाळली, म्हणजे जागा उजाड दाखवता येईल. मग कुणीतरी ओरडलं, “ह्याचंच हात भाजल्यात, बघा की!” काशिनाथला पुढे ओढलं, फडकी सोडली. तळवे फोडांनी भरले होते. तो म्हणाला, “मी इझवत होतो.” कुणी ऐकलं नाही. त्याने देवळाच्या उंबऱ्यावर हात टेकून शपथ घेतली — त्या तसल्या हातांनी — तर कुणीतरी म्हणालं, “पगार घेतो तो शपथ बी घील.” आणि या सगळ्यात त्याने माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिला. मी सांगतो म्हणालो होतो ना. तो वाट बघत होता.

लोकही माझ्याकडे वळले. “भाऊ, तुमी बोला.”

मी उठलो आणि म्हणालो, “चौकशी होऊ द्या. तोवर कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही.” काय शहाणं वाक्य! लोकांनी माना डोलावल्या. बघा, भाऊ किती समजूतदार. त्या वाक्याने काशिनाथ मारातून वाचला आणि गावातून गेला. मी ते ओळखूनच बोललो होतो.

मूग गिळून बसलो, एवढंच असतं तर भित्रा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढच्या सुनावणीत साहेबांनी विचारलं, आग कुठून सुरू झाली, आणि मी म्हणालो, कुंपणाच्या बाजूने. स्पष्ट, मोठ्या आवाजात. त्यावर कंपनीचं काम थांबलं. गावाने मला हार घातला, आणि मी तो घालून घेतला.

आषाढात लावणी आली. काशिनाथच्या पडकईला कुणी गेलं नाही. दोघं नवरा-बायको वाकून वाकून किती लावणार? त्याची रोपं खाचरातच पिवळी पडत चालली. आमचं लावून झालं तसं बायकोने विचारलं, “काशिनाथभावजींकडं जायाचं ना आता?” मी म्हणालो, “गाव जात नाय, तिथं आपून कसं जायाचं?” मधे फक्त एक बांध होता. आम्ही पाठमोरे काम करायचो. वर्षानुवर्षं ज्या माणसाने माझ्या चिखलात हात घातले, त्याचे नुकते बरे होणारे हात पलीकडे एकटे रोपं खोचत होते, आणि मला पाठ वळवायची तेवढी अक्कल सुचली.

दिवाळीनंतर ती दोघं गाव सोडून गेली. कसाऱ्याकडे हायवेच्या कामावर लागल्याचं कळलं.

नंतर एकदाच भेटला, शहापूरच्या एस.टी. स्टँडवर. मी त्याला टाळणार होतो, पण त्याने आधी पाहिलं. बोटांच्या पेरांवरची कातडी ताणलेली, गुळगुळीत, पांढरट. “पाऊस कसाय गावाला?” त्याने विचारलं. बरा आहे म्हणालो. मग त्यानेच सांगितलं, की खाचर एका एजंटाला देऊन टाकलं. “एकट्याच्यानं होतंय का भाऊ ते? पडकईला कोन येनार होतं?” टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्याची गाडी लागली, तो गेला. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. मी कसाऱ्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो आणि मग रसवंतीत जाऊन उसाचा रस प्यालो.

तो एजंट कुणाचा होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चढणीवर जायला कंपनीकडे रुंद रस्ता नव्हता. सगळ्या बाजूंनी आमची खाचरं, आणि कुणी जागा देत नव्हतं. काशिनाथनेही तेव्हा दिली नव्हती. राखणदार झाला, शिट्टी वाजवली, पण खाचर दिलं नव्हतं. आता तिथून मुरूम टाकून रस्ता निघालाय, थेट वर. माझ्या बांधाला लागून रोलर फिरतो. फलकही नवा लागलाय, तलाव पहिल्यापेक्षा मोठा दाखवलाय.

परवा ग्रामसभा आहे. गावातली पोरं म्हणतात, भाऊ, तुमी त्या आगीचं सांगा, लोक पेटून उठतात. मी इतक्यांदा सांगितलंय, की त्यांना माझी वाक्यं पाठ आहेत. परवा काय करीन, मला माहीत नाही. मी मला ओळखतो, म्हणून तुम्हाला कसलाही शब्द देत नाही.

अजून दर वर्षी राब पेटवतो. वारा पडल्यावर, संध्याकाळी. राख होईस्तोवर बसून राहतो, बायको भाकरी तिथे आणून देते. समोर काशिनाथचं खाचर होतं तिथे आता मुरूम आहे.

आग माझ्या राबातून गेली. मी नव्हतो तिथे. काशिनाथ होता, तो ती हातांनी विझवत होता.