बिनपावडरीचं पाखरू

आमची मावशी डूख धरण्यात पटाईत. लहानपणी माझ्या आईनं तिची बाहुली फोडली होती, तर म्हातारपणीसुद्धा आईच्या चहात ती साखर मुद्दाम कमी घालायची.

पोटासाठी ती मेलेल्या पशुपक्ष्यांत पेंढा भरायची. दुकान तिच्या दिराचं, राबणारे हात हिचे. कातडं सोलायचं, आतून किडीची पावडर चोळायची, कापूस भरून शिवायचं. पावडर लावायची राहिली की किडे आतून सगळं फस्त करतात.

एकदा डोंगरावरच्या ओल्या जंगलातलं एक पाखरू वादळात भरकटलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन पडलं. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवी, गळा केशरी. पंख दुखावलेला. जन्मभर मेलेली पाखरं हाताळणाऱ्या बाईला त्याचा असा लळा लागला म्हणून सांगू! ब्रशाच्या टोकानं फळाचा रस पाजायची. "पंख बरा झाला की मीच वर जाऊन सोडणार," असं येईल त्याला ऐकवायची.

पंख बरा झाला, आणि दिरानं त्याची मान पिरगाळली. एका हॉटेलमालकाला हॉलमध्ये मांडायला अगदी तसलंच पाखरू हवं होतं. ते पसंत पडलं तर सगळ्या हॉटेलाचं काम मिळणार होतं.

मावशी ढसाढसा रडली. "अहो वहिनी, पाखरूच ते. दुसरं येईल," मेला वर हसला!

मावशीनं डोळे पुसले आणि कामाला बसली. पाखरू असं भरलं की आता उडतंय की काय! दीर खूश. दुकान बुडालं तर आपल्याही पोटावर पाय येणार, हे तिला कळत होतं. तरी पावडरीचा डबा तिनं उघडलाच नाही.

हॉटेल सुरू व्हायला बरेच महिने गेले. पाहुणे जमले. दिरानं ऐटीत पाखरावरची काच उचलली. "हात लावून बघा, रेशीम आहे रेशीम!" मालकानं बोट टेकवलं मात्र, पिसं भसाभसा गळाली, डोकं टेबलावर पडलं आणि आतून किडे वळवळत बाहेर आले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. काम तर गेलंच, वर अब्रूचं खोबरं झालं.

दीर तरातरा घरी आला. "वहिनी, तुम्ही पावडर लावलीच नव्हती!"

"नव्हती लावली," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "अहो भावोजी, पाखरूच ते. दुसरं येईल."