अटिलियोची पाठ

बॉस्टनच्या नॉर्थ एंड या आमच्या इटालियन वस्तीत अटिलियो बर्तोनेचा चेहरा विसरलेले लोक सापडतील, पण त्याची पाठ सगळ्यांना ठाऊक आहे. तशी व्यवस्था त्यानेच केली.

तरुणपणी तो बंदरावर मासळीच्या पेट्या वाहायचा. तेव्हा गावात एका दरोड्याच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. देखणा चोर दागिन्यांची पेढी लुटतो, तिथल्याच विक्रेतीच्या प्रेमात पडतो आणि शेवटी तिला धक्क्यावर उभी ठेवून एकटाच जहाजावर चढतो. दरोड्याच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी केलेली गिऱ्हाइकं आहेत ना, त्यांतली डावीकडची रुंद पाठ अटिलियोची. एक शिंक येऊन जाईल, इतका वेळ ती दिसते. तेवढ्या भांडवलावर त्याने म्हातारपण गाठलं.

"अरे, त्या पाठीत भीती दिसते, भीती!" बोची हा आमचा चेंडू टाकायचा खेळ खेळताना तो सांगायचा.

"चेंडू टाक, अटिलियो," आम्ही म्हणायचो.

बायको गेल्यावर काही वर्षांनी त्याचं मन फिलोमेनाबाईंवर बसलं. त्या विधवा, बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. विचारायचा धीर त्याला होत नव्हता. एवढ्यात त्या जुन्या सिनेमाचा नवा अवतार आला. त्याने बेत केला: बाईंना तो दाखवायचा, जुना किती थोर होता ते पटवायचं आणि परत येताना मागणी घालायची. बाई परपुरुषाबरोबर एकट्या जाणाऱ्या नव्हेत, म्हणून मधल्या खुर्चीत मला बसवलं.

"पेढीच नाही! संगणक फोडतायत. ही चोरी की कारकुनी?" अटिलियो सुरू झाला. "आमचा नायक तिचा हातमोजा उचलायला अर्धा सिनेमा घ्यायचा. ह्याने नाव विचारायच्या आधीच कोट काढला!"

"अहो, बघू द्या," बाई म्हणाल्या.

"आणि ही भिंतीकडची माणसं? कवायतीला आल्यासारखी! एकाच्या तरी पाठीत जीव आहे का? बिजवराने पहिल्या लग्नातला कोट घालून मिरवावं, तसा सिनेमा आहे हा!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. तो स्वतः विधुर, मागणी घालायला निघालेला, आणि अंगातला कोटही लग्नातलाच.

नव्या सिनेमात शेवटी चोर जहाजावरून उडी मारतो आणि पोहत तिच्याकडे परत येतो. बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. अटिलियो खेकसला, "बंदराचं पाणी किती गार, ते मला विचारा! त्यात उडी मारणारा प्रेयसीकडे नाही, दवाखान्यात पोचतो."

बेकरीच्या दाराशी आल्यावर बाईंनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला नवाच आवडला."

"नवा? अहो, जुन्यात त्याच्या जाण्याला एक शान होती!"

"शान जाणाऱ्याची असते. धक्क्यावर उभ्या राहणारीला काय मिळतं, ते मला विचारा. आमचे यजमान कामाला म्हणून ब्युनोस आयरिसला गेले. त्यांची पाठ बघितली, ती शेवटची."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. अटिलियो म्हणाला, "पण कला म्हणून..."

"कला तुमच्यापाशी ठेवा." त्या पायरी चढल्या.

"जुन्याची कदरच नाही, तर बोलायचं काय!" असं पुटपुटत तो तरातरा निघाला. मी बघत राहिलो. इतकी वर्षं त्याची चेष्टा केली, पण त्या पाठीत त्या दिवशी खरंच भीती दिसत होती.

"अटिलियो!" बाईंनी पायरीवरून हाक मारली. "पाठ बघून झाली. आता तोंड दाखवता का?"

तो थांबला. वळायला त्याला मासळीची पेटी उचलण्याइतका जोर लागला.

"त्याने उडी मारली ते... बरं केलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"पाणी थंड होतं ना?"

"गारठलेलं. पण पोहता येतं."

"खोटं बोलणंही धड जमत नाही तुम्हाला. वर या, कॉफी ठेवते. आणि ह्यांनाही आणा, मध्ये बसायला."

लग्न झालं. जुनाच सिनेमा चांगला, असं अटिलियो अजूनही सांगतो. फक्त आधी बेकरीवरच्या खिडकीकडे बघून घेतो. लग्नाच्या फोटोत तो समोर बघतोय. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी तो बघून मला विचारलं, "हा नवरदेव कोण?"