समोरून उत्तर नाय

माझ्या नणंदेच्या जावयाइतका संशयी माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा नसेल; आणि असलाच, तर ह्याने एव्हाना त्याच्यावरही संशय घेतला असेल. मुरबाडच्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटरांची देखभाल करतो. 'नेट बंद आहे' असं कोणी म्हटलं, की तो लॅपटॉप जोडून तारेतून जाणारी माहितीची पॅकेटं पकडतो आणि कोणी कोणाला काय विचारलं, काय उत्तर आलं, ते पोथीसारखं ओळीने वाचत बसतो. घरातही तेच. एका लग्नात पंगतीला बुंदी पोचेना, तेव्हा हा गृहस्थ आधी आचाऱ्यापाशी उभा राहिला, मग पंगतीच्या तोंडाशी, आणि मधल्या वाटेवर बुंदी गिळंकृत करणारे स्वतःचे सासरेच त्याने पकडले. भर मांडवात! नणंद अजून त्याला दुसऱ्यांदा आमटी विचारत नाही.

ह्या संशयाला अपवाद एकच. कॉलेज आणि बाहेरचं नेट यांच्या मधे बसून पोरांना नको त्या साइट उघडू न देणारा, त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला सर्व्हर. दसऱ्याला त्या खोक्याला झेंडूची माळ असते. बायकोला गजरा आणल्याचं मात्र कोणी पाहिलेलं नाही. "माझा सर्व्हर खोटा बोलत नाय, मामी," हे तो मला दर भेटीत ऐकवतो.

गेल्या वर्षी माझ्या नातीचा नर्सिंगचा अर्ज अडला. ती तेव्हा त्याच कॉलेजात शिकत होती. शेवटचा दिवस, पाचची मुदत, बाजारातल्या दुकानांत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही आणि जनरेटरवर चालणाऱ्या कॉलेजात साइट उघडेना. मी सोबतीला म्हणून गेले होते, म्हणजे लुडबुडायला. चार वाजून गेले होते. नात रडकुंडीला आलेली, आणि जावईबापू शांतपणे पॅकेटं वाचताहेत.

"समोरची साइटच कनेक्शन तोडते, मामी. हे बघा, उत्तरावर नाव त्यांचंच हाय."

ऐकलं आणि मला माझंच तरुणपण आठवलं. मी शहापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. केसांत अबोली, कानाला हेडफोन, आणि तालुक्याची सगळी गुपितं आपल्या करमणुकीसाठीच तारेतून वाहतात असा थाट. एखाद्या लग्न ठरलेल्या जोडप्याचं भांडण रंगात आलं असताना कोणी दुसरा नंबर मागितला, की ही महामाया तार न जोडताच मधाळ आवाजात सांगायची, "समोरून उत्तर नाही."

"नाव काय, कोणाचंपण लावता येतं," मी म्हटलं. "तुमच्या सर्व्हरने तिकडे विचारलं तरी का?"

"माझा सर्व्हर..."

"बुंदीच्या वेळी दोन्हीकडे उभे राहिलात ना? आता सर्व्हरच्या पलीकडे उभे ऱ्हावा!"

"आजी सांगते ते बघा ना, काका," नात काकुळतीने म्हणाली.

त्याने तोंड वाकडं करत लॅपटॉप सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या तारेला जोडला. नातीने पुन्हा साइट उघडली. सर्व्हरच्या आत प्रश्न आला होता. बाहेर एकही पॅकेट गेलं नव्हतं. लाडक्या सर्व्हरने ती साइट बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत टाकली होती आणि तिच्या नावाने तो स्वतःच नकार देत होता. जावयाचा चेहरा असा झाला, जणू सासरे पुन्हा बुंदीसकट सापडले. यादीतून नाव काढलं. पाचला दहा कमी असताना अर्ज गेला.

"मामी, तुमाला कसा कळला?"

मग मी सांगितलं. किन्हवलीच्या पोस्टातून एका म्हाताऱ्या बाबाने नाशिकला लेकीचा नंबर मागितला होता. तीनदा. मी तार न जोडता तीनदा तेच म्हटलं, 'समोरून उत्तर नाही.' "ऱ्हाऊ दे गो बाय, माझी एसटी जाईल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मला वाटलं, जावई हसेल. त्याने वही काढली. "टाइम काय होता?"

"दुपारचे चार असतील."

त्याने ते नीट लिहून घेतलं. "म्हंजे बाहेर काय गेलाच नाय," एवढंच म्हणाला, आणि माझ्यापुढे चहा सरकवला.

इतक्या वर्षांत माझा तो गुन्हा कोणी नोंदवून घेतला नव्हता. आता तो त्याच्या वहीत आहे. बाबाला लेकीशी काय बोलायचं होतं, ते मात्र ह्या जावयालाही कुठल्याच तारेवर सापडायचं नाही.