दोन फाइलींचे यकृत

दशरथ ओव्हाळ यांनी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे काढली आणि एका विषयाचा कागद दुसऱ्या विषयाच्या फाइलीत कधी जाऊ दिला नाही. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी स्वतःच्या देहालाही लावली. रक्तदान शिबिरात हेपटायटिस बी हा यकृताचा विषाणू निघाला, तेव्हा स्वारगेटच्या डॉक्टरांनी ‘विषाणू झोपलेला आहे, दरवर्षी तपासत राहा’ म्हणून सांगितले. त्याची निळी फाइल झाली. २००६ साली थकवा आला, सांधे धरले. शरीराची संरक्षक यंत्रणाच यकृतावर उलटली आहे, असे सदाशिव पेठेतल्या डॉक्टर पूर्वा यांनी निदान केले आणि स्टेरॉइड सुरू केले. त्याची लाल फाइल.

“पूर्वी कधी कावीळ?” त्यांनी विचारले होते.

“नाही.”

“दारू?”

“पंचशील घेतलंय, मॅडम.”

दोन्ही उत्तरे खरी होती.

महिनाभर रिपोर्ट सुधारले, मग डोळे पिवळे झाले. औषध कमी पडते आहे, असे समजून डॉक्टरांनी डोस दुप्पट करायला पेन उचलले.

“अहो, ती निळी फाइल दाखवा की,” पत्नी शालन म्हणाल्या.

“ती दुसऱ्या डॉक्टरांची. विषय वेगळा.”

“आणि लिव्हर? तेही दोन आहेत का तुम्हाला?”

निळी फाइल पिशवीतून निघाली. डॉक्टरांनी ती वाचली आणि पेन खाली ठेवले.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“आपण मागवलं नाहीत, मॅडम.”

 स्टेरॉइड देण्याआधी या विषाणूची तपासणी डॉक्टरांनीच करून घ्यायला हवी होती. स्टेरॉइडने संरक्षक यंत्रणा शांत झाली, तसे विषाणूला रान मोकळे मिळाले होते. डोस वाढवावा तर विषाणू माजणार, एकदम थांबवावा तर लाल फाइलीतला आजार उसळणार. विषाणूवरची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. रक्तातला विषाणू मोजला, यकृताचा बारीक तुकडा तपासला. दोन्ही आजार शेजारी शेजारी नांदत होते. मग स्टेरॉइड बेताबेताने उतरवत नेले.

मुलगा धम्मदीप हिंजवडीत दोन परदेशी बँकांच्या नोंदी एकत्र जुळवण्याचे काम करी. वडिलांना दोन फाइली आहेत, हे त्याला फोनवर कळले.

तीन महिन्यांत डोळे निवळले. यकृताचा जो भाग कठीण झाला तो बहुधा तसाच राहील, हे डॉक्टरांनी लपवले नाही. दशरथरावांनी चूक कोणत्या विभागाची, हे आयुष्यात प्रथमच विचारले नाही.