पाशाचं ऊन

सोलापुरात ऊन मिळत नाही, असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला.

शकील.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, आणि अजून मला त्याचा राग येतो.

शाळेपासूनचा दोस्त. दोघं रिटायर झालो आणि यानं खूळ काढलं, कासव पाळायचं.

"आपल्याकडचं चांदण्यांचं कासव नक्को बे, पोलीस आत टाकतील," म्हणाला. मग परदेशी, रीतसर कागद केलेली दोन ग्रीक कासवं आणली. एक त्याला, एक मला.

मला नको होतं. पण शकीलला नाही म्हणणं कुणाच्या बापाला जमलंय?

त्याचा पाशा. माझी सोनी.

पहिल्याच दिवशी माझ्या गच्चीवर दोघांना एकत्र सोडलं. पाशानं सरळ जाऊन सोनीला टक्कर दिली, उलटी पाडली, वर पायाला चावला. आमची विजया किंचाळली, "अहो, मारतंय की ते तिला!"

उचललं दोघांना, गेलो प्राण्यांच्या डॉक्टरांकडे.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, दोन्ही ग्रीक कासवंच, पण मुलूख वेगळे. हा बघा, अंगानं रुंद, पाठ काळपट. तुर्कस्तानाकडच्या डोंगरातला. थंडीत सुस्तावणार. ही लहान, पिवळीधमक. सीरिया-जॉर्डनच्या बाजूची. हिला थंडीतही ऊब पाहिजे, खाणं पाहिजे. एकाचा आजार दुसऱ्याला सोसायचा नाही. एकत्र ठेवू नका.

झालं! शकीलच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर दारात. हँडलला वायरची पिशवी. पिशवीत पाशा.

"शिन्या, गच्ची उघड. माझ्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही."

"सोलापुरात? ऊन नाही?"

"फ्लॅट है बाबा. तेरेकू क्या समजता, तू गच्चीवाला आदमी."

रेहानाभाभी गेल्यावर त्यानं जुनं घर सोडलं होतं. मुलगी सना पुण्यात. हा एकटाच जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेऊन राहिला होता. म्हटलं, असेल बाबा अंधारं.

मी गच्चीच्या मधोमध शहाबादी फरश्या उभ्या करून लावल्या. अलीकडं सोनी, पलीकडं पाशा. पाण्याची भांडी वेगळी, गवत वेगळं.

आणि शकीलला कडक भाकरी, शेंगाचटणी, चहा.

एकदा त्यानं प्रेमानं पाशापुढंही भाकरीचा तुकडा टाकला, वर चटणी भुरभुरून. मॅडमनी फोनवर असा झापला की कान लाल झाले त्याचे. मला म्हणतो, "सोलापुरात राहून चटणी नाही खायची, म्हणजे जिंदगी क्या है बे बिचाऱ्याची."

रोज यायचा. दिवस मावळायला पाशाला पिशवीत घालून परत.

मी वैतागायचो. "अरे, ठेव की इथंच कायमचा. मधे फरशी आहे."

"नक्को. डॉक्टरनं काय सांगितलं? एकत्र ठेवायचं नाही."

"आणि दिवसभर असतात ते?"

"दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं."

कपाळ माझं!

थंडीत पाशा सुस्त पडायचा. डोकंसुद्धा बाहेर काढायचा नाही. तरी स्कूटर दारात. "झोपलेल्याला कशाला आणतोस रे?" तर म्हणे, उन्हात झोपू दे.

एप्रिलात गच्चीवर पाय ठेवला तर फोड येतो. तेव्हाही हा हजर. मी म्हटलं, "आता कशाला? आता तर त्याला सावली पाहिजे."

"हौ. तेरी छाँव अच्छी है."

विजया हसायची. मी चिडायचो.

गेल्या वर्षी एक दिवस स्कूटर आली नाही.

विजयानं चहा परत गरम केला. मग सनाचा फोन आला. झोपेतच गेला होता.

पुढं चार दिवसांनी सना म्हणाली, "अंकल, पाशाला न्याल का? पुण्यात मला नाही जमणार."

त्या फ्लॅटवर मी सकाळचा कधी गेलोच नव्हतो. जायचो ते ईदच्या संध्याकाळी, शीरखुर्मा प्यायला. तेव्हा बाल्कनीचं दार बंद, पडदा ओढलेला. सकाळी तर तोच माझ्याकडं असायचा.

"पाशा बाल्कनीत आहे," म्हणत सनानं दार उघडलं.

डोळे मिटावे लागले मला.

नुसतं ऊन. भिंतीवर ऊन, फरशीवर ऊन, कठड्यावर ऊन. आणि मधोमध पाशा, मान लांब काढून, पाय पसरून, मजेत.

सना म्हणाली, "पूर्वेची बाल्कनी आहे ना अंकल, दुपारपर्यंत असंच असतं. अब्बांना कितीदा म्हटलं, पाशाला इथंच सोडा, रोज कशाला स्कूटर काढता? तर म्हणायचे, शिन्याच्या गच्चीवरचं ऊन वेगळं आहे."

मी तिथंच खाली बसलो. पोरीसमोर रडलो. लाज नाही वाटली.

अरे लबाडा, सरळ सांगायचंस की, घरात करमत नाही म्हणून. मी काय नको म्हणालो असतो?

ये की, म्हणालो असतो. तू दोन दिवस आला असतास आणि तिसऱ्या दिवशी तुला संकोच वाटला असता. ओळखतो ना मी तुला.

आता पाशा इथंच राहतो. रात्रीसुद्धा. आणताना मॅडमना फोन करून घाबरत विचारलं, एका गच्चीवर चालेल ना? त्या म्हणाल्या, "मधे फरशी आहे, भांडी वेगळी आहेत, मग खुशाल ठेवा. पहिल्यापासून ठेवला असता तरी चाललं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

बरं झालं, तेव्हा विचारलं नाही.

गच्ची उघडलीय, शकील. तुझ्या पाशाला चांगलं ऊन लागतंय.

सलाम, दोस्ता.