फाटकाशी उभे राहणारे शेलारसाहेब

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही नवे होतो, तेव्हा श्री. भास्कर शेलार माझे सेक्शन ऑफिसर होते. माझ्या पहिल्याच टिपणावरून नजर फिरवून ते म्हणाले, "मॅडम, यात 'कृपया' फार झालं. काम सांगा." आमचा परिचय झाला तो असा. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथातही मी कामाचेच सांगते.

एके काळी आपण दारूच्या आहारी गेलो होतो, हे साहेब कुणालाही सहज सांगतात. दारू सोडू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाचे नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलेले नाही. म्हणून पुढचा प्रसंग माझे पती सुहास यांना विचारूनच लिहिते आहे.

सुहास मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. दारूपायी कंपनीची बस वरचेवर चुकू लागली, नोकरी जाण्याची वेळ आली आणि मुलीला घेऊन पुण्याला परत जावे, असे माझ्या मनाने घेतले. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे एकत्र बसून बोलतात, अशा मीटिंगा दिल्लीत ठिकठिकाणी भरतात, एवढे ऐकून ठाऊक होते. साहेब स्वतः अशा मीटिंगांना जात; घराजवळची एखादी सुचवा, असे मी त्यांना म्हटले.

"जवळची नको," ते म्हणाले. "तिथे क्वार्टर्समधलं कुणी दिसलं, की हे जिन्यावरूनच परत फिरतील. जरा लांबची बघू."

त्यांनी उत्तर दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूची एक मीटिंग निवडली. नुसता पत्ता देऊन त्यांनी कुणाला कधी पाठवले नाही. जागा बदलतात, वेळा बदलतात, आणि दाराला कुलूप पाहून परतलेला माणूस सहसा पुन्हा निघत नाही, असा त्यांचा अनुभव. आदल्या रविवारी ते स्वतः जाऊन खोली पाहून आले. ठरल्या रविवारी आम्ही दोघे पोहोचलो, तेव्हा ते फाटकाशी उभे होते.

सुहास फाटकापाशी थांबले ते थांबलेच. मी मनातल्या मनात चडफडत होते. साहेब म्हणाले, "अच्छा, दार तर पाहिलंत. चलो, चहा घेऊ." चहावर दारूचा विषय निघाला नाही, दिल्लीत धड पोहे मिळत नाहीत, यावर मात्र दोघांचे एकमत झाले. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतरच्या रविवारी सुहास आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले.

साहेबांचा स्वभाव गोड आहे, असे मी म्हणणार नाही. काही महिन्यांनी सुहास पुन्हा प्यायले, तेव्हा मी फोनवर साहेबांना चांगलेच सुनावले. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "रविवारी मी फाटकाशी आहे. त्यांना सांगा." ते होते, आणि सुहास पुन्हा मीटिंगला गेले. पुण्याला जाण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पंच्याहत्तरीचा सत्कार रविवारी संध्याकाळी ठरला, तेव्हा साहेबांनी सत्कार समितीला साफ नकार कळवला. कारण त्याच वेळी मीटिंगला एक माणूस प्रथमच येणार आहे. समितीची पंचाईत झाली. अखेर सुहास त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही सत्काराला जा. फाटकाशी मी उभा राहतो."

साहेब म्हणाले, "वेळेआधी पोचा."

शेलारसाहेबांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, ही मनापासून इच्छा. समारंभात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसेल. सुहास का आले नाहीत, असे कुणी विचारू नये. ते फाटकाशी उभे असतील, वेळेआधीच.