तिनं घेतलेलं माझं नाव

माझं इंग्रजी बरं, एवढ्यावरून ते काम माझ्या गळ्यात पडलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जालन्यात शाळेत शिकवत होते आणि परदेशातून एक बाई आल्ती. बायकांवर जीव टाकणाऱ्या बायका देशोदेशी कशा जगतात, कशाला भितात, त्यांना हक्क काय मिळतात, असा तिचा मोठा अभ्यास. मी दुभाषी.

राजूर झालं, टेंभुर्णी झालं, गावोगाव बायकांना भेटत फिरलो. तिचा प्रश्न मी मराठीत आणेपर्यंत त्यातला जीव निघून जायचा. "तुमची कुणी जिवाभावाची मैत्रीण हाय का वं?" असलं काहीतरी गुळमुळीत मी विचारायची. बायका म्हणायच्या, "हायत की, ढिगानं!" मंग मी वळून बाईला सांगायची, आमच्याकडं असलं काही नाही. बिनदिक्कत सांगायची मेली मी!

आणि संध्याकाळी घरी जाऊन माझ्या माणसाच्या हातची गरम भाकर खायची. ते माणूस म्हणजे अंबडकडची एक बाई. सासर सोडून आलेली, शिवणकाम करणारी. कितीतरी वर्षं आम्ही एका भाड्याच्या खोलीत संसार करत होतो. घरमालकिणीला सांगितलेलं, मावसबहीण आहे. तिला खरं कळलं असतं तर खोली गेली असती, दुसऱ्या दिवशी शाळेत बोभाटा होऊन नोकरीही गेली असती.

जायच्या आधी पाहुणीला आम्ही जेवायला बोलावलं. हिनं ठेचा केला, वांग्याची भाजी केली, पाहुणीला तिखट लागेल म्हणून दही लावलं. गोरी बाई बघायची म्हणून घरमालकीण लोणच्याची वाटी घेऊन आली आणि ठाण मांडून बसली. ती काही हलायचं नाव घेईना.

पाहुणीला माझं नाव काही केल्या नीट म्हणता येत नव्हतं. जेवता जेवता ती हिच्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही म्हणा, मी ऐकते, मग मला जमेल." मी ते मराठीत सांगितलं. साधी गोष्ट.

हिची मान खाली. पदर ओठावर. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"सांग की," मी म्हटलं.

"मी न्हाई बाई. नाव कसं घिऊ?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत हिनं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. घरात 'अवं', लोकांत नुसतं 'ऐका'. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तसं हिनं माझं मनोमन जपलेलं, आणि मला पत्ताच नाही!

घरमालकीण खळखळून हसली. "अगं बया, लाजती तर अशी, जसं काय मालकाचंच नाव घ्यायचंय!" आणि हसता हसता थांबली. माझ्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं.

माझं अंग शरमेनं पेटलं. आमच्या दोघींची शरम वाटली मला, खोटं कशाला बोलू? मी खेकसलेच हिच्यावर, "काय येड्यावानी करून राह्यलीस? बहिणीचं नाव घ्यायला कसली आली लाज?"

हिनं पदर खाली घेतला. माझ्याकडं सरळ बघितलं आणि माझं नाव घेतलं. मी वर्गात हजेरी घेते तसं, स्पष्ट. पुढं 'ताई' लावलं. पाहुणीनं दोनदा म्हणून बघितलं, तिला जमलं. घरमालकिणीचा जीव भांड्यात पडला आणि तिनं भाजी आणखी वाढून घेतली.

पाहुणी गेली. अभ्यासात आम्ही दोघी कुठंच नाही, आणि त्याला जबाबदार मीच.

खोली राहिली, नोकरी राहिली. हीही राहिली. भांडली नाही, रडली नाही, स्वयंपाकात मीठ कमी पडू दिलं नाही. फक्त त्या दिवसापासून मला नावानं हाक मारायला लागली, लोकांत आणि घरातही.

बरेच दिवस मी गिळलं. मंग एका दुपारी ती मशीनवर बसलेली असताना राहवलं नाही. तिच्या पायाशी बसून म्हटलं, "अगं, चुकलं माझं. एकदा अवं म्हण की."

तिनं मशीन थांबवलं नाही.

"बहिणीला कोन म्हनतं अवं?"